स्मृती उद्यानाची सावध सचिव

समितीच्या इतिवृत्तात ठराव लिहिले जातात. ठराव अमलात आणताना काय झाले, त्यासाठी रकाना नसतो. त्यामुळे रामवाडीच्या आमच्या स्मृती उद्यानाचे किस्से इतिवृत्ताबाहेरच साठत गेले आहेत. बहुतेकांत चूक सचिवाची आढळते. सचिव मी. इतिहासात एम.ए., प्रथम श्रेणी. हे मी पूर्वी आवर्जून सांगत असे.

*

उद्यानाच्या मधोमध एक काळा दगड आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या दिवंगत सैनिकांची नावे त्यावर कोरायची होती. ती कोरण्याआधीच मी फलक लावला : ‘स्मारकासमोर पादत्राणे काढावीत.’ सकाळी फिरणाऱ्यांची वाट त्या दगडाला वळसा घालूनच जाते, हे मी विचारात घेतले नव्हते.

“मॅडम, सात फेऱ्यांत सात वेळा बूट काढायचे?” एका गृहस्थांनी विचारले.

‘समोर’ म्हणजे साधारणतः तीन मीटरपर्यंत, असा मी सावध खुलासा केला. दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन आले!

*

समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार आहेत. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो. सलामी कशी द्यावी याविषयी मी अभ्यासपूर्वक टिपण तयार केले आणि सभेत प्रात्यक्षिकही दाखवले. काकांनी टिपण चाळून बाजूला ठेवले.

“टिपण उत्तम आहे. फक्त मॅडम, तुम्ही सलामी देताय की ऊन अडवताय?”

*

नावांसाठी मी आठ रकान्यांचा अर्ज छापून घेतला. रोह्याकडच्या खांब गावाहून आनंदीकाकी आल्या. त्यांचे दिवंगत पती गोविंदराव लष्करात स्वयंपाकी होते. कागदपत्रे पुरात गेली होती.

“कोणत्या आघाडीवर होते?” मी तिसरा रकाना वाचला.

“चुलीच्या.”

“म्हणजे प्रत्यक्ष लढले नाहीत?”

“नाय. पण लढणाऱ्यांना जेवाय कोण घालीत व्हतं गो? तू?”

मी पेन खाली ठेवले. काकी जरा नरमल्या. “गावात लग्नकार्याला त्यांना आचारी म्हणूनच बोलवीत. फौजेतला माणूस असं कुणी म्हटलं नाय. दगडानं तरी म्हणू दे.”

कागदाशिवाय नाव घेणे मला शास्त्रशुद्ध वाटेना. “तूर्त यादीत तरी लिहा,” असे सुभेदारकाका म्हणाले, म्हणून मी नाव लिहिले आणि पुढे पेनानेच शेरा मारला. तीच यादी पाथरवटाकडे गेली. त्याला मी निक्षून बजावले, “कागदावर आहे तसेच कोरायचे. एक अक्षर इकडचे तिकडे नको.”

*

अनावरणाच्या आदल्या सकाळी मी आणि सुभेदारकाका दगड पाहायला गेलो. नावे सुबक होती. शेवटची ओळ जरा लांब वाटली. ‘गोविंदराव, खांब – पडताळणी बाकी.’

“मॅडम, तुम्हीच बोललात तसं केलं,” पाथरवट अभिमानाने म्हणाला. “शेवटी टिंबसुद्धा दिलंय!”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात फाटकातून आनंदीकाकी आल्या. नाव आधीच पाहायचे म्हणून त्या पहिल्या एस्टीने निघाल्या होत्या. दगडापुढे उभ्या राहून त्यांनी बोट फिरवत शेवटची ओळ सावकाश वाचली. शेवटचे दोन शब्द त्यांनी दोनदा वाचले.

मी दिलगिरी व्यक्त करू लागले.

“बाकी हाय ना? मग कर की,” काकी बाकावर बसल्या. “मी कुठं जात नाय.”

त्यांनी पिशवीतून डबा काढला. आत भाकरी आणि उडीद-चण्याची घट्ट डाळ होती. आमच्याकडे अशी डाळ कोणी करत नाही.

“त्यांनीच शिकवलेली. अख्ख्या पलटणीची करायची सवय. दोघांपुरती जमायला त्यांना वरीस लागलं. सुभेदार, घ्या.”

सुभेदारकाकांनी एक घास घेतला. “फौजेत हीच डाळ असायची,” ते म्हणाले. दुसरा घेतला. मग रुमालाने हात पुसून पाथरवटाला म्हणाले, “ते दोन शब्द घासून काढ.”

“खड्डा पडंल, काका.”

“पडू दे.”

एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून शेरा रद्द करता येत नाही, हे मी केवळ तत्त्व म्हणून निदर्शनास आणून दिले.

काकींनी डबा माझ्यापुढे सरकवला. “घे गो. दुसरी तू.”