दसऱ्याला संपणारं कॉलेज

दारव्ह्याच्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा. यवतमाळच्या स्टँडवर मला पाहून तो खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा युसूफ गेला. सकाळीच मातीले जाऊन आलो." छातीचं दुखणं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी वेड्यासारखा विचारत राहिलो, "कोणता युसूफ?"

युसूफ हा गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा आणि मी कापूस पिकवणाऱ्या घरातला. दारव्ह्याच्या शाळेत तो कायम माझ्या पुढे. माझा चेहरा पाहूनच त्याला कळायचं की गणित माझ्या डोक्यावरून गेलंय. मॅट्रिक होऊन आम्ही दोघं यवतमाळच्या कॉलेजात सायन्सला आलो, एकाच खोलीत राहिलो. त्याला शाळेत सायन्स शिकवायचं होतं, दुसरं काही नाही. पण दसरा झाला की त्याचे वडील, आमचे चाचा, खोलीच्या दारात उभे राहायचे. "चाल बेटा, थंडी आली. लोकाइच्या गाद्या पडल्या हाये." चाचांना दम लागायचा, त्यामुळे पिंजायचं युसूफनं आणि भरून शिवायचं चाचांनी, ते काम एकट्याचं नव्हेच. संक्रांत उलटल्यावर तो परत यायचा, तोवर प्रॅक्टिकलं आटोपलेली असायची. माझं कॉलेज जूनपासून मार्चपर्यंत चालायचं, त्याचं दसऱ्याला संपायचं... आणि परीक्षा मात्र दोघांना एकच.

रविवारी मी दारव्ह्याला जाऊन त्याला प्रयोग समजावायचो. तोंडाला फडकं बांधून तो पिंजत असायचा. पिंजणीच्या ताणलेल्या तांतीच्या आवाजात माझं बोलणं बुडालं की हात थांबवून म्हणायचा, "पुन्हा सांग." चाचा शिवणावरून मान वर न करता मला म्हणत, "सांग रे त्याले, तेवढाच हात थांबू दे त्याचा." मी पुन्हा सांगायचो. काचेची नळी कशी धरायची, तोटी किती हलकी फिरवायची, थेंब पडताच पाणी गुलाबी कसं होतं... सगळं तोंडी. त्याला ते पाठ होतं, माझ्यापेक्षा चांगलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याने तोटी फिरवली आणि पाणी एकदम गडद गुलाबी झालं. महिनोन्‌महिने पिंजणीवर लाकडी मुठ्याचे जड ठोके मारणारा हात तो, त्याला एक थेंब सोडायची सवय कुठून असणार? परीक्षकांनी निष्काळजी म्हणून शेरा मारला. बाहेर आल्यावर तो हसला. "पुस्तकात थेंब होता रे, माह्या हातानं धारच सुटली." पुढच्या वर्षीही तेच झालं. मी पास झालो, मास्तर झालो. हुशारीच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मला अजून राग येतो.

त्यानंतर भेटला की म्हणायचा, "यंदाचा सीझन होऊ दे, मंग बसतो परीक्षेले." खोकत खोकत म्हणायचा. मला ते खरं वाटायचं.

मागच्या आठवड्यात त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला दारव्ह्याला गेलो होतो. दसरा नुकताच झाला होता. त्यांच्या कामाच्या खोलीत वाशांना, कोनाड्यांना, दिव्याच्या काचेला अजून कापसाची तुसं चिकटलेली आहेत. चाचांनी ती झाडू दिली नाहीत. जमिनीवर एकही गादी नव्हती. लोक येऊन गाद्यांचं विचारून गेले, चाचांनी नाही म्हणून सांगितलं. माझ्याजवळ बसले, माझा हात हातात घेतला आणि रिकाम्या जमिनीकडे पाहत म्हणाले,

"यंदा दसऱ्याले काहीच काम नाही, बेटा. आता शिकला असता रे तो."