खिशातलं जेट

ड्रॉवर आवरताना पितळेचं ते इवलंसं जेट हाताला लागलं आणि कानशिलं तापली.

कॉलेजात असताना मी मोटारसायकलला मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर बसवला होता. आमचे मेकॅनिक दस्तगीरचाचा यांनी मग कार्बोरेटरमध्ये मोठं जेट, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणारी मोठ्या भोकाची पितळी पुळी, घातलं. म्हणाले, "हवा वाढली, आता पेट्रोलबी वाढाय पायजे. न्हायतर इंजिन भाजतंय बघ." पण गाडी पेट्रोल प्यायला लागली, वडील ओरडले, म्हणून मी गुपचूप जुनं जेट परत लावलं. आठवड्यात कागलच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं.

"ह्यांनीच सेटिंग बिघडवलंय," मी गॅरेजात चाचांकडं बोट दाखवून चारचौघांसमोर वडिलांना सांगितलं.

चाचांनी कार्बोरेटर उघडला. पेट्रोलचा वास सुटला. त्यांच्या काळ्या तळहातावर ते जुनं, बारीक जेट पडलं. त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि मूठ मिटली.

"माझंच चुकलं, अण्णा. पोराला बोलू नगा."

मोठं जेट तेव्हा माझ्या खिशात होतं. मी ते बोटांत घट्ट दाबून उभा राहिलो.

चाचांचं गॅरेज अजून आहे. गाडी विकून जमाना झाला. मी मान खाली घालून पुढं जातो, तरी ते हाक मारतात, "काय म्हणतीया गाडी?"