घासलेली जागा

गंज न काढता जोड मारणारा माणूस वेल्डरच्या हाताखाली टिकत नसे. तारेच्या ब्रशने पत्रा चकचकीत घासायचा, मगच रॉड टेकवायचा. "मळावर मारलेला जोड म्हणजे थुंकीने चिकटवलेला कागद," असं तो म्हणायचा. त्याने जोडलेली टाकी गळल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

अशाच एका टाकीच्या शिडीवरून तो पडला. डोक्याला मार बसून मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पाय चालू लागले, जीभही सुटली. उजवा हात मात्र मुठीत वळून बसला. बायको एकेक बोट उलगडून तो धुवायची. सोडला की बोटं पुन्हा मिटायची. मालकाने निरोप धाडला, "हात उघडू दे, मग ये. जागा ठेवतो, पण जन्मभर नाही."

हॉस्पिटलातल्या थेरपीच्या बाईंनी एक उपाय सुचवला. भिजवलेले दोन स्पंज डोक्याला पट्ट्याने बांधायचे, त्यांतून हलका करंट सोडायचा, आणि तो चालू असताना उजव्या हाताने लाकडी खुंट्या उचलायचा सराव करायचा. कापाकापी नाही, सुई नाही.

"करंट किती?" वेल्डरने विचारलं.

"दोन मिलीअँपिअर."

सोबत आलेला फिटर, त्याचा जुना जोडीदार, खो खो हसला. "बाई, हा दीडशे अँपिअरवर दिवस काढणारा माणूस. याला मुंगी चावल्याचंही कळायचं नाही!"

बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "काका, काम करंट करत नाही, तुम्हीच करायचं. करंटने मेंदू शिकायला जरा तयार होतो. तोही प्रत्येकाचा होतोच असं नाही. आणि भाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं."

वेल्डर खुंट्यांवर तुटून पडला. बाई पुरे म्हणाल्या तरी थांबत नसे. काही आठवड्यांनी अंगठा किंचित बाजूला सरकला. बायको बघतच राहिली. पण गाडी तिथेच अडली. बोटं काही सुटेनात.

मेहनतीत कसूर नव्हती. मग राहिलं काय? करंट आत पोचत नसणार. तेलकट टक्कल, त्यावर मेलेली कातडी. स्पंज धड टेकणार कसा? एका सकाळी बाथरूमची कडी लावून त्याने डाव्या हातात पॉलिश पेपर घेतला आणि डाव्या कानाच्या वरची, स्पंज टेकायची जागा लालबुंद होईपर्यंत घासली.

"हे लाल कशाने?" बाईंनी विचारलं.

"टोपी घासते."

त्यांनी विश्वास ठेवला. करंट सुरू होताच डोक्यावर निखारा ठेवल्यासारखं झालं.

"चुरचुरतंय का?"

"नाही."

भाजतंय म्हणजे पोचतंय, असं त्याचं गणित. पुढच्या खेपेला त्याने पुन्हा घासलं. त्या दिवशी स्पंज काढला तर खाली कातडी जळून निघालेली.

"काका, काय केलंत हे?"

"जागा साफ केली."

बाई खुर्चीवर बसल्या. "कातडी सोलली की करंट एकाच ठिकाणी गोळा होतो, भाजतो. मी विचारत होते ना?"

"थोडं सोसलं."

"सोसायला कुणी सांगितलं होतं?"

"अहो, डोकं आहे की पत्रा?" सोबत आलेली बायको म्हणाली आणि रडायला लागली.

जखम चिघळली. भरली ती जाड व्रण ठेवून. व्रणावर स्पंज बांधता येत नाही, आणि हात हलवणारा मेंदूचा भाग नेमका त्याच जागेखाली. उपाय कायमचा बंद झाला. "सराव सोडू नका," बाईंनी बजावलं. त्याने सोडला नाही. सकाळी तोंड धुतलं की खुंट्या टेबलावर मांडून तो बसायचा.

एक दिवस फिटर आला. चहा निवला तरी विषयाला हात घालेना.

"अरे बोल की," वेल्डर म्हणाला. "तोंडात काय कुलूप घातलंय?"

"मालकाने दुसरा वेल्डर घेतला."

वेल्डरने मान डोलावली आणि खुंटीकडे हात नेला. मूठ खुंटीला धडकली. खुंटी जमिनीवर पडली. फिटर ती उचलायला वाकला.

"राहू दे," वेल्डर म्हणाला.

तो स्वतः खाली बसला आणि उजवी मूठ खुंटीवर टेकवली. बोटं उघडायला तो सगळा जोर लावत होता, कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. फिटर बराच वेळ उभा राहिला. मग वहिनींना हळूच "येतो" म्हणून चपला घालून निघाला. खुंटी अजून जमिनीवरच होती.