विहीणबाईंनी जाळलेलं मीठ

साल २०२५, माझं वय पंच्याहत्तर. संक्रांत नुकतीच झाली होती. मी राई गावात आमच्या घराच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेवढ्यात लेकीचा, वैशालीचा, फोन आला. "बाबा, आई गेल्या." आई म्हणजे तिची सासू, माझी विहीण, शालिनीबाई. मी "बरं" म्हटलं, राहिलेल्या शेंगा सोलून संपवल्या आणि मगच उठलो. भाईंदर पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगखाली उभा राहिलो. खांदा दिला, पण जिना चढलो नाही. तो न चढण्याची मी शपथ घेतली होती, आणि कोणी मेलं म्हणून शपथ सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाने गेटवर फ्लेक्स लावला. बाईचा फोटो आणि खाली 'मायेचा सागर'. मी मिठागरात जन्म काढलाय, सागर मला माहीत आहे. ही बाई सागरबिगर काही नव्हती. ज्याला त्याला शिकवणारी होती. लोक गेल्या माणसाबद्दल गोड लिहितात म्हणून मुद्दाम हे लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. तेव्हा मी बोलतो तसं लिहितो आणि नात गार्गी ते नीट करते. ही नीट करायची खोड पण तिला आजीनेच लावली.

ही माणसं मूळची गिरगावातली. लग्नाची बोलणी करायला आली तेव्हा मी म्हटलं, "आमचं घर हाय मिठाचं, लेक हाय कष्टाची." तर ही बाई हसून आपल्या लेकाला, म्हणजे माझ्या जावयाला, म्हणते, "ऐकलंस का, हाय." तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. माझी बायको लेकीच्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे गार्गी झाली तेव्हा तिला आजी अशी एकच. वैशाली पहाटे नोकरीला निघायची, रात्री यायची. पोरीला न्हाऊमाखू घालणं, शाळेत नेणं, ताप आला की मांडीवर घेऊन बसणं, सगळं या बाईने केलं. केलं ते केलं, पण पोरगी माझ्यासारखं एक अक्षर बोलेनाशी झाली. मी "न्हाय" म्हटलं की इवलीशी पोर मला सांगायची, "आबा, नाही म्हणायचं."

आमचं मिठागर कधीच बंद झालं, पण ओळखीच्या माणसाकडून मी दर उन्हाळ्यात जाड्या मिठाची पिशवी घेऊन त्यांना नेऊन द्यायचो. बाई पिशवीत बोट घालून बघायची. "स्वयंपाकाला नको, माती आहे यात. पण राहू दे, लागेल." कशाला लागतं ते मला गार्गीने सांगितलं, तेव्हा ती दहा-अकराची असेल. म्हणाली, "आबा, तुम्ही येऊन गेलात ना, की आजी त्या मिठाने माझी दृष्ट काढते. तुमचं नाव घेऊन."

आता सांगा, मी काय चेटूक करायला जात होतो तिकडे? माझंच मीठ, माझ्याच नजरेवर ओवाळून गॅसवर जाळायचं. आमच्यात मीठ पायाखाली येऊ देत नाहीत, जाळणं तर लांबच. तसाच वर गेलो आणि दारात उभा राहून म्हटलं, "या उंबऱ्यात परत पाय ठेवनार न्हाय." बाई कुकर लावत होती. म्हणाली, "शिट्टी होतेय, ऐकू नाही आलं." मी परत नाही सांगितलं.

त्यानंतर पोरीला मी खालीच भेटायचो, गेटजवळच्या बाकावर. बाई वरून तिच्या हाती चहा पाठवायची. मी तो कुंडीतल्या झाडाला घालायचो. झाड जगलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज जावयाबरोबर राईला डबा यायचा. आमटी अळणी. मिठागरवाल्याच्या घरी अळणी आमटी पाठवणारी बाई... मी वरून मीठ घालून खायचो आणि डबा न घासता परत धाडायचो. दुसऱ्या दिवशी तो भरून यायचा.

यंदा संक्रांतीला ती स्वतः रिक्षा करून राईला आली. ओट्यापर्यंत येईतो धाप लागली होती. तिळगूळ हातावर ठेवला, गोड काही बोलली नाही.

"व्याहीबुवा, मीठ संपत आलंय."

"जाळायला न्हाय देत मी."

"देऊ नका. पण फेब्रुवारीत पोरीची बारावी आहे. दृष्ट काढल्याशिवाय ती पेपरला निघत नाही. मी नसले तर तुम्ही काढायची."

"तिची आय हाय ना."

"वैशाली पहाटेच बाहेर पडते. आणि तिला हसू येतं. हसत काढलेली उतरत नाही."

"आन माझी नजर वाईट, ती कशी उतरंल माझ्याच हातानं? तुमीच शिकवलंय ना पोरीला."

ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही यासाठी वर येत नव्हतात?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, गुडघे दुखतात."

तीच पुढे म्हणाली, "अहो, परक्याची नजर नुसत्या मिरचीनेही जाते. माझी-तुमची जात नाही. आपण दोघं किती बघत बसतो पोरीकडे. म्हणून जाडं मीठ लागतं. आधी माझं नाव घेते, मग तुमचं."

माझा विश्वास बसला नाही. आधी माझंच घेत असणार. "बघू" म्हटलं. रिक्षा उभीच होती, ती गेली. मग तो फोनच आला.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गार्गीने फोन केला. रडली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "आबा, मीठ आणाल?" मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ पिशवीत घेतलं आणि निघालो. लिफ्ट नाही त्या बिल्डिंगला. तिसरा मजला चढेपर्यंत गुडघे बोलायला लागले. बाई अगदीच चुकीचं बोलली नव्हती. दार उघडंच होतं. उंबरा ओलांडला. भिंतीवर हार घातलेला फोटो, त्यातूनही चष्म्यावरून बघणं सुरूच. पोरगी आधीच पाटावर बसली होती, गॅसवर जुना तवा ठेवून. मी मूठ भरली आणि डोक्यापासून पायापर्यंत उतरवली. आधी शालिनीबाईचं नाव घेतलं.

"आजीचं कशाला? ती तर गेली."

"गेली तरी बघतेच हाय ती. गप बस."

मग माझं घेतलं. मीठ तव्यावर टाकलं, ते तडतडलं. पोरगी पाया पडून पेपरला गेली. पिशवीत राहिलेलं मीठ मी फळीवरच्या शालिनीबाईच्या बरणीत ओतलं. तळाशी ओल होती. झाकण सैल ठेवायची बाई. मीठ ठेवता येत नव्हतं तिला. मी झाकण घट्ट लावलं आणि बरणी होती तिथेच ठेवली.