नंबर आणि खेप

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही तिघी एका मावशींच्या घरी भाड्यानं राहायचो. मावशी म्हणजे घरमालकीण. तोंडात सारखं शिवा शिवा आणि स्वभाव मिरचीचा ठेचा. मी मुखेडची, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होते.

उदगीरच्या मैत्रिणीला तिच्या भावानं पुण्याहून एक खेळ पाठवला होता. फासे टाकायचे, पात्रं व्हायचं आणि मिळून गोष्ट रचत जायची. उदगीर जिल्हा होणार ही आवई तेव्हा सारखी उठायची. ती म्हणाली, सरकार करील तेव्हा करील, आपण कागदावर करून टाकू. तिनं नकाशा काढला, मधोमध तुडुंब तळं. आमच्या दोघींची पात्रं म्हणजे त्या नकाशावर सरकणारे दोन चिंचोके.

पण नियमांचं पुस्तक इंग्रजीत, आणि त्यानं जीव खाल्ला. टर्न वेगळा, राउंड वेगळा, ॲक्शन वेगळी, रिॲक्शन वेगळी. मी टर्नलाच राउंड समजायची, माझ्या पात्राच्या अंगात भिनलेलं विष मुदतीआधीच उतरवायची आणि वर भांडायचीसुद्धा. शेवटी ते कोडं पाण्याच्या रांगेत सुटलं. टँकरची खेप म्हणजे राउंड, आणि त्या खेपेत आपल्या घागरीचा नंबर म्हणजे टर्न. एवढं सरळ सांगायला त्या पुस्तकाला काय धाड भरली होती, कोण जाणे!

एकदा आमच्यातली तिसरी, चाकूरची मैत्रीण, दोन दिवस गावी गेली, म्हणून आम्ही तिचा चिंचोका उचलून ठेवला. मावशी शेजारी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रांगेत नसलेल्या बाईची घागर काढून टाकता का गं? मागची भरून देती की." त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यात तोच कायदा झाला, जी नसेल तिचे फासे दुसरीनं टाकायचे.

पुढं मला कावीळ झाली आणि वडील न्यायला आले. मावशींनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, जी बरेच दिवस गावी जाईल तिनं पेटी घेऊनच जावं, पाणी पुरत नाही, जागा धरून ठेवणार नाही. मला उभंही राहवत नव्हतं, म्हणून पेटी तेवढी मागं राहिली. मुखेडला उसाचा रस पीत मी पडून होते आणि रडत होते. खोली गेली म्हणजे क्लास गेला, परीक्षा गेली. असल्या दुष्काळात दुसरी खोली कोण देणार? वडील म्हणत, औंदा राहू दे.

बरी झाल्यावर पेटी आणायला आम्ही बापलेक एसटीनं लातूरला गेलो. गल्लीत टँकर उभा होता. रांगेत मावशी, आणि त्यांच्या पुढं एक रिकामी घागर, काठाला चेमटलेली. माझी! उदगीरची मैत्रीण धावत आली. म्हणाली, रोज असंच चाललंय, आणि खेळात तुझे फासेसुद्धा मावशीच टाकतात, हरल्या की फाशांचा उद्धार करतात. मला हसू आलं आणि रडूही. त्या माउलीचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

वडिलांनी पेटीचं विचारलं. मावशींनी पाइप माझ्या घागरीत सोडला आणि वर न बघताच म्हणाल्या, "पेटी कशाला? तिचा नंबर मोडला न्हाई अजून."

घागर भरली. मग वडिलांनी हातातली पिशवी माझ्याकडं दिली, घागर खांद्यावर घेतली आणि घरात नेऊन ठेवली.