दत्तूमामाचा उलटा स्क्रीन

माझ्या मामानं आयुष्यात एकच वस्तू मुद्दाम बिघडवली. तीही स्वतःच नीट केलेली.

आज दत्तूमामाला जाऊन वर्ष झालं.

मामाचा गंगापूर रोडला फुलांचा मळा. पण बंद पडलेली वस्तू दिसली की याचे हात शिवशिवायचे. नाइन्टीजच्या शेवटी मालेगावचं एक व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं, आणि आमच्या फुलांच्या टेम्पोतून तिथलं एक अख्खं मशीन घरी आलं.

मी खुशीनं वेडी झाले. पार्लरमध्ये मुली जायच्याच नाहीत ना.

"चालणार का पण हे?" शोभामामीनं विचारलं.

"लाइट लागते ना? मग जीव हाय त्याच्यात."

स्क्रीनवर फक्त एक आडवी पांढरी रेघ. आवाज सगळा यायचा, पण अख्खा गेम त्या रेघेत दाबलेला.

पहिल्याच दिवशी मामाला असा शॉक बसला की तो भिंतीला जाऊन टेकला. म्हणाला, "काही नाय, ओळख झाली."

मग मामीची कंडिशन. मशीन चालू असेल तर एक हात खिशात.

तर एक हात खिशात, दुसऱ्या हातात मामीचा लाकडी चमचा, आणि मागून सर्किटवर हळूच टकटक. एका जागी टक केलं की रेघ फुगायची.

"सापडलं. इथलं सोल्डर सुटलंय."

बंद करून मामानं वायरी काढल्या, सोल्डर मारलं, वायरी परत लावल्या. मागून स्क्रीन दिसत नाही, म्हणून मामी समोर आरसा धरून उभी.

चित्र आलं.

"आलं, पण अक्षरं उलटी हायत," मामा आरशात बघून म्हणाला. परत बंद केलं, दोन वायरींची अदलाबदल केली, चालू केलं. "आता कसं सरळ."

ऐटीत पुढे आला. स्क्रीनवर सगळं उलटं.

मामी आरसा खाली ठेवत म्हणाली, "अहो, आरशात उलटंच दिसतं."

मामा परत मागे निघाला, तर मामी आडवी उभी राहिली. "चित्र आलंय ना? आता मागे हात घालायचा नाय. मला माणूस पाहिजे, मशीन नाय."

मग त्यानं नुसत्या जॉयस्टिकच्या वायरी बदलल्या, म्हणजे स्टिक डावीकडे दाबली की गेममधला माणूस डावीकडेच जाईल. स्क्रीन तसाच राहिला. मालेगावात तो माणूस डावीकडून उजवीकडे पळायचा, आमच्याकडे उजवीकडून डावीकडे.

आणि मामी त्यात चॅम्पियन झाली.

दुपारी गजरे ओवून झाले की बसायची. कुठला खड्डा कधी येतो, कुठली शिडी सोडायची, सगळं बोटांत. आम्ही सगळे हरायचो.

"ए इंग्लिश मीडियम, ये पुढे," मला म्हणायची.

काही वर्षांनी मामी कळवणला माहेरी गेली, तेव्हा मामानं सरप्राइज म्हणून स्क्रीन आणि स्टिक दोन्ही सरळ केलं. एकदम नव्यासारखं. इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"छान झालं हो," मामी म्हणाली. बसली. पहिल्याच खड्ड्यात पडली. परत पडली.

हसली, आणि चहा टाकायला गेली.

त्यानंतर मशीनवर फडका पडला तो पडलाच. विचारलं की, "वेळ कुठाय?"

एक दिवस मामा म्हणाला, "एक डाव खेळ माझ्यासमोर."

ती खेळली. मामा स्क्रीनकडे बघतच नव्हता. तिच्या हातांकडे बघत होता. खड्डा यायच्या आधीच हात जुन्या बाजूला जायचा.



दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचं झाकण काढून बसलेला.

"मामा, आता तर परफेक्ट आहे."

"परफेक्ट हाय म्हणूनच कोणी खेळत नाय."

संध्याकाळी मला हाक आली. "ए इंग्लिश मीडियम, ये पुढे."

थँक यू वगैरे आमच्या घरात कोणी म्हणत नाही. पण त्या दिवशी मामाच्या चहात मामीनं आलं जरा जास्तच घातलं होतं.

नंतर घरी येणारा प्रत्येक जण हसायचा. "दत्तू, उलटं लावलंय रे तू."

"हो का? बघतो कधीतरी," मामा म्हणायचा.

एकदाही खरं सांगितलं नाही. म्हणून आज मी सांगतेय.

मागच्या आठवड्यात स्क्रीनवर परत तीच रेघ आली. मी सोल्डरिंग गन घेऊन गेले. एक हात जीन्सच्या खिशात, दुसऱ्यात तोच चमचा. समोर मामी, आरसा धरून.

चित्र आलं.

मामीनं विचारलं, "आरशात सरळ दिसतंय का?"

"हो मामी."

"मग बरोबर हाय. ठेव तसंच."

दत्तूमामा, मशीन चालू आहे. उलटंच.
तुला मनापासून नमस्कार.