काचेच्या मागची बाजू

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. पेणच्या रामवाडीतल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात साचे भरायचं काम चालू होतं, आणि साचा भरताना मी फोन घेत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. शेवटी वैतागून एका कारागिराला म्हटलं, धर बाबा कानाशी, कोणाचं घोडं अडलंय बघू. रोह्याजवळच्या वरसेहून माझ्या बहिणीचे शेजारी बोलत होते. "विलासभाऊ, तुमचे भावोजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाय..." हातावरचं प्लास्टर सुकून पांढरं झालं तरी मी तसाच उभा होतो, एवढं आठवतं.

त्यानंतर जो भेटला त्यानं एकच विचारलं, "गाडीवरून पडले काय?" नाय हो, नाय पडले. झोपेत गेले, स्वतःच्या घरात, पंख्याखाली, पोटभर जेवून. पण लोकांना ते पटत नाही, कारण अरविंद भावोजी म्हटलं की रोह्यापासून पेणपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ती मोटरसायकलच येते. नोकरीतून सुटल्यावर माणसं चारधामला जातात, यांनी ती गाडी घेतली. नवीकोरी, पण जुन्या धाटणीची... गोल दिवा, तारांची चाकं, पाण्याच्या थेंबासारखी टाकी. पेट्रोल पंपावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काका, किती जुनी गाडी?" भावोजी म्हणायचे, "गाडी नवीन हाय, मी जुना हाय." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढं पुढं पंपवाला विचारायला लागला की मीच देऊन टाकायचो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. उभा जन्म रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये गेला, तोही कंप्रेसरच्या धडधडाटात. त्यात कान गेले. पार बहिरे नव्हते, पण समोरच्यानं ओरडल्याशिवाय कळायचं नाही. कानाचं मशीन आणलं होतं. ते लावलं की मिक्सर, भांडी, कुत्री आणि ताई, सगळे सारख्याच आवाजात अंगावर यायचे, म्हणून ते कपाटात गेलं. आता ओरडून ओरडून माणूस काय बोलणार? "जेवायला या", "गॅस संपला", "दार लावा". एवढंच ताई ओरडायची. बाकीचं, म्हणजे शेजारी कोण काय म्हणालं, भाजीवालीनं आज कसं बनवलं, ते कोण ओरडून सांगेल? सांगितलं तर अख्ख्या वरसे गावाला कळेल. माझी ताई म्हणजे लहानपणी झोपेतसुद्धा बडबडणारी पोरगी. ती हळूहळू गप्प झाली. एकदा माहेरपणाला आली असताना ती मला म्हणाली, "घरात दोघं असून एकटीच हाय रे मी." मला तेव्हा भावोजींचा रागच आला होता. तो त्यांना बोलून दाखवला, तर ते म्हणाले, "मला काय हौस हाय व्हय? तिचा आवाज मलाच सगळ्यात जास्त ऐकायचाय."

मग गाडी आली आणि एक मजा झाली. ताई मागं बसली की तिचं तोंड यांच्या डाव्या कानाशी यायचं, आणि डावा कान त्यातल्या त्यात बरा. नागोठण्याच्या रस्त्याला खड्डे, गाडी रांगत चाललेली, ताई त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून सहज काहीतरी बोलली आणि यांनी उत्तर दिलं! ओरडल्याशिवाय, पहिल्याच वेळी. तिथून दोघांना नादच लागला. पण खड्डे संपून गुळगुळीत रस्ता लागला, गाडीनं वेग घेतला, की वाऱ्याचा घोंघाट हेल्मेटमध्ये भरायचा आणि बोलणं बंद. रायगड जिल्ह्यात चांगला रस्ता झाला म्हणून तक्रार करणारा माणूस मी एकच पाहिला. "विलास, तिकडं पण काँक्रीट टाकलं रे," असं ते तोंड पाडून सांगायचे. हळू चालवा म्हटलं तर ते म्हणायचे, हायवेला रांगत गेलो तर मागचा ट्रकवाला चिरडून जाईल. तेही खरंच. म्हणून ठरलं, गाडीला वारा अडवणारी काच लावायची.

बाजारात जाऊन काच आणायची, लावायची, एवढंच काम. पण हा माणूस कंपनीत वॉल्व्ह तपासावा तशी काच तपासणार. पहिल्यांदा आणला एक छोटा काळा वायझर, दिव्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा. गाडीला शोभला फार. पण त्यानं छातीवरचा वारा उचलून नेमका हेल्मेटवर आणून सोडला, आणि घोंघाट होता त्याच्यापेक्षा वाढला. तो काढला. मग आणली चांगली उंच, पारदर्शक काच, पोलिसांच्या गाडीला असते तसली. ताईनं दारात उभी राहून ती बघितली आणि म्हणाली, "आता आत शेगडी ठेवा नि भजी तळा." भावोजींना ते ऐकू आलं नाही, मी हसतोय एवढंच दिसलं. त्या काचेनं वारा अडला, पण वरची कड बरोबर डोळ्यांसमोर. रस्ता दोन तुकड्यांत दिसायचा. शिवाय मागं बसलेल्या ताईचं डोकं वारा मागून कोणी टपल्या माराव्यात तसा हलवायचा. ती काचही घरात आली.

इथं मी मध्ये पडलो. मला राहवेना. म्हटलं, भावोजी, आमचा पेणचा कारखाना काय नुसता बघायला ठेवलाय? फायबरच्या मूर्ती करतो आम्ही, तुमची काच काय मोठी गोष्ट! आधी शाडूत आकार काढला, त्याचा साचा घेतला, आणि दिव्याला कवेत घेणारं अस्सं फेअरिंग, म्हणजे गाडीच्या तोंडावरचं कवच, ओतलं की बघत राहावं. कडा हातानं घासल्या. टाकीचा मरून रंग जुळवला, त्यावर सोनेरी रेघ, ती रेघ मूर्तीचे डोळे आखायच्या ब्रशनं मी स्वतः मारली. वरती काचेची पट्टी. गाडी कारखान्याच्या अंगणात उभी केली तर समोरून जाणारी माणसं थांबायला लागली, एका आजीनं तर सवयीनं हात जोडले. भावोजी आणि ताई एक चक्कर मारून आले. मी आपला शाबासकीसाठी उभा. भावोजींनी हेल्मेट काढलं, सगळीकडून फेअरिंगवर हात फिरवला, आणि म्हणाले, "विलास, पुढून एक नंबर झालंय. पण आम्ही मागं बसतो रे."

मी मागं जाऊन बघितलं. आत फायबरचे तंतू तसेच खरखरीत, कुठं फुगलेलं, कुठं खोल, आणि बूड पाटावर मूर्ती बसवावी तसं घट्ट बंद. आमचा धंदाच तसला. मूर्ती मखरात बसणार, पाठ भिंतीकडं, मग पाठीला कोण हात लावतंय? माझे वडील तसंच करायचे, मी तसंच करतो. गाडीच्या फेअरिंगची मागची बाजू हीच खरी बाजू, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. आठवडाभर कारागिरांनी माझी खेचली. "शेठ, मागून रंगवायचा काय?" असं प्रत्येक मूर्तीला विचारायचे.

भावोजी मात्र त्या दिवसापासून मागची बाजूच बघायला लागले. कंपनीत उंच खांबावर एक कापडी नळी असते. गॅस सुटला तर वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते ती दाखवते, आणि माणसं त्याच्या उलट्या दिशेला पळतात. "वारा दिसत नाय, पण कापड दिसतं," म्हणायचे. त्यांनी ताईच्या तोरणाची लोकर घेतली, बोटभर तुकडे कापले आणि ती भज्यांची काच परत गाडीला लावून तिच्या आतल्या बाजूला ते चिकटवले. ताई मागं बसली आणि मी शेजारून स्कूटरवर, दोरे बघायला. वरसेच्या बाहेरच्या रस्त्यावर आमची वरात! सगळे दोरे मागं यायला हवेत की नाही? खालचे दोरे उलटे काचेला चिकटून वर चढत होते. मी हातवारे करून सांगितलं. भावोजी गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "म्हणजे काचेमागं पोकळी झालीय. ती मागून, वरून वारा ओढतेय. तिला खालून वारा पायजे." मला काही कळलं नाही. त्यांनी क्लॅम्प सैल करून काच दिव्यापासून वर उचलली, खाली दोन बोटं फट ठेवली. पुन्हा निघालो. दोरे गुमान खाली झुकून मागं यायला लागले. वारा अडवायला आणलेल्या काचेला वाऱ्यासाठीच वाट ठेवायची, हे मला आजही गंमतीचं वाटतं.

काच उचलल्यामुळं वरची कड आणखी उंच गेली होती. ती कापायची होती. ताईला मागं बसवून, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, गाडी दारातच उभी, त्यांनी समोर बघत मला काचेवर स्केचपेननं रेघ मारायला लावली. नाकाच्या शेंड्याच्या उंचीवर. "नजर काचेवरून गेली पायजे, वारा डोक्यावरून." ती काच मी आमच्याच कारखान्यात कापली, आणि या वेळी कड दोन्ही बाजूंनी घासली, आतून आधी. दुसऱ्या दिवशी ती लावून दोघं निघाली. त्यांचं ठरलेलं होतं, ताई बोलेल आणि ऐकू आलं की भावोजी क्लचवरचं एक बोट वर करतील. हायवेच्या गुळगुळीत रस्त्याला मी मागं होतो. ताईचं हेल्मेट पुढं झुकून त्यांच्या हेल्मेटला डावीकडून टेकलेलं आणि ते बोट मिनिटा-मिनिटाला वर होतंय... खरं सांगतो, मला स्कूटर थांबवावी लागली. रडायला आलं म्हणून. त्यांना मी डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

पुढं त्या दोघांचं एक खूळ झालं. वरसेहून भिसे खिंडीतून आमच्याकडं यायचे ते बोलत बोलतच. कारखान्याच्या फाटकाशी आले आणि ताईचं बोलणं अर्धवट असलं, तर उतरायचे नाहीत. भावोजी मला हात दाखवायचे आणि गाडी वळवून मिठागरांच्या बाजूला एक फेरी मारून यायचे. माझ्या बायकोनं चहा टाकलेला असायचा, तो निवायचा. ती चिडायची, "येवढं काय सांगत असतात हो वन्सं?" काय सांगणार? काही नाही. शेजारणीची सून, वालाला आलेली कीड, स्वप्नात दिसलेली आई. जे घरात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं ते सगळं.

भावोजी गेल्यानंतर ताई पुन्हा गप्प झाली. माणसं भेटायला येत, ती "व्हय", "नाय" म्हणे, पाणी पुढं करी. कार्य आटोपलं. नातेवाइकांत गाडीचं काय करायचं याची चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला विकून टाका, दुसऱ्याला स्वतःलाच हवी होती. ताई आतून आली आणि मला म्हणाली, "विलास, गाडी पेणला ने. मी पण येते." कोणीतरी म्हणालं, अगो, रिक्षा सांगतो, इतक्यात गाडीवर बसणं बरं दिसत नाही. मी तोंड उघडणार होतो, पण ताई तोवर हेल्मेट घालून मोकळी झाली होती.

मी त्यांचं हेल्मेट घातलं. त्याच्या डाव्या बाजूला घासून घासून रंग गेलेला आहे. खिंड चढेपर्यंत ताई काही बोलली नाही, मागं बसलीय की नाही असं वाटावं इतकी शांत. नागोठणं जवळ आलं, खड्डे लागले, मी गाडी हळू केली आणि डावीकडून ठक झालं. तिचं हेल्मेट टेकलं होतं. "त्या दिवशी जेवताना म्हणाले, संध्याकाळी चक्कर मारू, तुझं कालचं अर्धं राहिलंय..." ती म्हणाली. "शेजारी शेवग्याच्या झाडावरून भांडण झालं ना, ते सांगत होते मी त्यांना." आणि तिनं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. झाड कोणाचं, शेंगा कोणाच्या अंगणात पडतात, कोण कोणाला काय बोललं. माझे कान धडधाकट आहेत, मला तसंही ऐकू आलं असतं, पण मी क्लचवरचं एक बोट वर केलं.

खड्डे संपले. काँक्रीटचा रस्ता लागला, मागून ट्रक आला, मी वेग घेतला. ताई बोलायची थांबली नाही. आवाज चढवला नाही की शब्द तोडला नाही, पाटावर बसून वाल सोलताना बोलावं तशी बोलत राहिली. वडखळ गेलं, रामवाडी आली, कारखान्याच्या फाटकात माझी बायको वाट बघत उभी होती. ताईच्या गोष्टीत शेजारणीनं कुऱ्हाड आणली होती आणि झाड अजून पडायचं होतं. मी बायकोला हात दाखवला, गाडी वळवली आणि मिठागरांकडं घेतली.